देवमनभाऊंची नाव

देवमनभाऊंचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो. बायको म्हणते, "एवढी तहान कुठून लागते हो तुम्हाला?" आज उठत नाही. सांगूनच टाकतो एकदाचं, कारण टाळून टाळूनही माणूस थकतो.

मी शालिकराम, प्राथमिक शाळेतला मास्तर. जऊळक्याच्या स्टेशनापासून दोन कोस आत आमचं गाव. आमचं घर माळ्याचं, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात नेणारं. मी एकटाच खडू-फळ्याकडे वळलो. गावात कोणाला कागद आला की तो माझ्याकडे यायचा. टपाल, कोर्टाचं समन्स, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं मीच वाचायचो, आणि खोटं कशाला बोलू, वाचताना जरा छाती फुगायची.

देवमनभाऊ बौद्धपुऱ्यातले, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. त्यांच्या वडलांनी, उकंडरावांनी, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबून शेवटी नाल्याकाठची दोन एकर जमीन स्वतःची केली होती. काळीभोर, ओल धरणारी. बहात्तरचा दुष्काळ पडला, सरकारनं नाल्यावर तलावाचं काम काढलं आणि सगळं गाव दगड फोडायला गेलं. देवमनभाऊ घण मारायचे, भागिरथावहिनी घमेली उचलायच्या. भिंत वर चढत गेली तसं सगळ्यांना दिसायला लागलं की पाणी अडलं की पहिलं बुडणार ते देवमनभाऊंचंच वावर.

मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, मग काहून फोडता दगड?"

"नाही फोडला तं सांजच्याले काय खाऊ?" ते म्हणाले. "अन् मी घरी बसलो म्हनून भिंत थांबते काय, गुरुजी?"

पंच्याहत्तरला तलाव तुडुंब भरला. वावर गेलं. मोबदल्याचं मला विचारू नका, माझं डोकं फिरतं. आणि वावराबरोबर देवमनभाऊंची कंबरही गेली. तीन वर्षं घण मारला त्याचा हिशेब शरीरानं असा चुकता केला की वाकले तर सरळ होता येईना, सरळ झाले तर वाकता येईना. निंदण नाही, खुरपण नाही, ओझं नाही. भागिरथावहिनी एकट्या रोजानं जायच्या आणि हे ओट्यावर बसून राहायचे. पन्नाशीतला माणूस, हात अजून लोखंडासारखे, आणि दिवसभर ओटा! कोणी "बरं हाय नं भाऊ?" विचारलं तर म्हणायचे, "बायकोच्या जिवावर बसून खाऊन राह्यलो, बरंच हाय."

बसून करता येईल असं एकच काम त्यांना येत होतं, ते म्हणजे मासे धरणं. लहानपणापासून नाल्यात गळ टाकून, जाळं लावून मासोया आणायचे. सरकारनं तलावात कटला-रोहूचं बीज सोडलं होतं आणि मासे चांगले पोसले होते. देवमनभाऊ भिंतीवर जाऊन नुसते पाहत बसायचे. तलावावर मासेमारीची परवानगी निघाली तर आपला जन्म निघून जाईल, एवढी एकच आशा त्यांनी धरली होती.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलात ग्रामपंचायतीच्या फळीवर कागद लागला. हातानं फिरवायच्या यंत्रावर काढलेली नक्कल, शाई अर्धी उमटलेली, अर्धी गायब. देवमनभाऊ मला शाळेतून बोलवून घेऊन गेले. मधली सुट्टी, उन्हाचा तडाखा, माझं डोकं दुखत होतं. मी वाचलं: "सदर तलावात ज्यांची नाव... नसतील त्यांस मासेमारीस सक्त मनाई आहे. नाव... दिनांक तीस एप्रिलपर्यंत समक्ष... कचेरीत नोंदवाव... फक्त तीस."

"म्हंजे काय, गुरुजी?"

"म्हणजे ज्याची स्वतःची नाव असेल, होडी, त्यालाच मासे धरता येतील. तीस तारखेपर्यंत ती कचेरीत नेऊन नोंदवायची. समक्ष, म्हणजे डोळ्यांसमोर. अशा फक्त तीस नावा घेणार आहेत."

"होडी कचेरीत न्याची?"

"सरकारचं असंच असतं," मी म्हणालो. सरकारला नावं ठेवली की आपण शहाणे ठरतो, ही आमच्या मास्तर लोकांची जुनी खोड. "घाई नको. आपल्या मुलखात तीस होड्या आहेत तरी कोणाकडे? इथं पाणीच आता आलं. तुमचा नंबर पक्का समजा."

देवमनभाऊंच्या तोंडावर किती दिवसांनी तेज आलं होतं! मी घरी गेलो, भाकर खाल्ली आणि झोपलो.

लाकडाची नाव करायची तर सागवान पाहिजे, सुतार पाहिजे आणि ती न्यायला बैलगाडी पाहिजे. देवमनभाऊंनी दोन दिवस विचार केला आणि हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या दोन बाद ट्यूबा घेऊन आले. "हवेची नाव करतो," म्हणाले. "हवा सोडली का गुंडाळून खांद्यावर. सरकार म्हनन तिथं हजर!" मला हसू आलं, पण माणसानं डोकं लढवलं होतं हे मान्य करायला पाहिजे.

पुढचे तीन आठवडे मी शाळा सुटली की त्यांच्या अंगणात. एका ट्यूबला सात ठिगळं, दुसरीला पाच. पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथं खडूनं खूण करायची आणि कानशीनं घासून ठिगळ चिकटवायचं. खडू माझा होता. दोन्ही ट्यूबा शेजारी ठेवून वर बांबूचा सांगाडा बांधला. गाठी देवमनभाऊ स्वतः मारायचे, दुसऱ्याच्या गाठीवर त्यांचा भरवसा नव्हता.

मग बसायचं कसं, हा मोठा प्रश्न. बिनपाठीचं बसणं त्यांच्या कमरेला झेपणारं नव्हतं. मी शाळेच्या अडगळीतली एक खुर्ची काढून दिली, तीन पायांची, कागदोपत्री बाद झालेली. ती सांगाड्यावर बांधून तलावात पहिली चाचणी घेतली तर देवमनभाऊ खुर्चीसकट उलटे! उंच झाली होती. दोन घोट पाणी पिऊन वर आले आणि काठावर बसून म्हणाले, "मास्तराची खुर्ची, ते बुडवनारच." खुर्चीचे पाय कापले. तरी डोलत होती, म्हणून खुर्ची हातभर मागं सरकवली आणि पुढच्या बाजूला नांगर म्हणून एक दगड ठेवला. तेव्हा कुठं नाव सपाट बसली.

तलावाच्या पोटात बुडालेल्या बाभळी होत्या. माणसाला पाण्यात काटा दिसत नाही, ट्यूबला मात्र तो बरोबर सापडतो. भागिरथावहिनींनी दोन्ही ट्यूबांना खालून जाड गोणपाटाची दुहेरी खोळ शिवली. रोजावरून येऊन, चूल पेटवून, मग सुई-दोरा घेऊन बसायच्या. मी म्हणालो, "वहिनी, उद्या करा ना." त्या म्हणाल्या, "उद्याही मी आजच्याइतकीच थकेल राहीन, गुरुजी." वरून ओलं पोतं टाकायचं, नाहीतर आमच्या वैशाखात ट्यूबमधली हवा फुगून ठिगळं उडायची. पिंपाचा पत्रा कापून दोन आखूड वल्ही केली. जाळं अडकवायला डाव्या हाताशी आकडा, कारण उजवीकडे वळलं की कंबर धरायची. मासे ठेवायची टोपली खुर्चीखाली अर्धी पाण्यात, म्हणजे मासा घरी येईपर्यंत जिवंत. एकेका गोष्टीवर ते दोन दोन दिवस घालवायचे. ट्यूबचं तोंड आतल्या बाजूला आलं होतं आणि हवा भरायला पंप नीट बसत नव्हता, तर सगळं सोडून पुन्हा फिरवून बांधलं.

अठ्ठावीस तारखेला नाव पाण्यावर उभी राहिली. देवमनभाऊ पाठ टेकून बसले, दोन्ही हातांनी वल्ही मारत तलावाच्या मधोमध गेले आणि तिथून ओरडले, "गुरुजी, दुखत नाही!" भागिरथावहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, मी पाहिलं नाही. माझेही डोळे काही कोरडे नव्हते.

तीस तारखेला हवा सोडून, ट्यूबा गुंडाळून, सांगाडा-खुर्ची एसटीच्या टपावर चढवून आम्ही दोघं तालुक्याला निघालो. एसटी दोन तास उशिरा आली. कचेरीच्या आवारात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दारात एक शिपाई स्टुलावर बसला होता.

मी म्हणालो, "आमच्या गावच्या तलावासाठी नाव नोंदवायची आहे."

"खिडकी उघडी हाय, जा ना," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

देवमनभाऊ दबकत म्हणाले, "गुरुजी, आधी खिडकीवर जाऊन पुसू काय?"

आणि मी, शालिकराम, एकोणीस वर्षं नोकरी झालेला मास्तर, त्यांच्यावर खेकसलो. "अहो, रिकाम्या ट्यूबा दाखवून हसं करून घ्यायचं आहे का? समक्ष म्हटलंय. हवा भरा, बांधा, मग जाऊ ऐटीत."

लिंबाखाली सामान मांडलं. सायकलचा पंप. ट्रकची ट्यूब सायकलच्या पंपानं भरायची म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. शंभर दाबे मारले तरी ट्यूब नुसती कूस बदलल्यासारखी करायची. देवमनभाऊंना वाकता येत नव्हतं, म्हणून ते खाली बसून ट्यूबचं तोंड धरायचे आणि मी पंप मारायचो. घामानं चष्मा घसरत होता. लोक येत होते, आमच्याकडे बघत होते, आत जात होते, बाहेर येत होते. एकदा तर रस्ता अडला म्हणून आम्ही ट्यूब बाजूला घेतली आणि सात-आठ जणांना जायला वाट करून दिली.

तीनच्या सुमाराला एक उंच माणूस येऊन उभा राहिला. नाव उदयसिंग. तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या तांड्यातला. "हे काय करून राह्यले, भाय?" म्हणाला. देवमनभाऊंनी सांगितलं, नाव हाय म्हणून. तो खुश झाला. खुर्चीला हात लावून पाहिला, वल्ही उचलून पाहिली, "वा रे वा!" म्हणाला. माझा चेहरा पाहून त्यानं पंप घेतला आणि शंभर-सव्वाशे दाबे मारले. बिचारा भला माणूस. मग "माहं काम करून येतो" म्हणून आत गेला.

पाच मिनिटांत हसत बाहेर आला. "तिसावा लागलो! माह्यानंतर खलास."

"कशात तिसावा?" मी विचारलं.

"तलावाच्या यादीत."

"तुमची नाव कुठं आहे?"

"सांगतलं ना."

"सांगितली? त्यांनी पाहिली नाही?"

"पाहाचं काय त्यात? सांगतलं अन् लिहिलं."

सांगतलं. लिहिलं. मी पंपावरचा हात काढला. होडी असती तर तो "सांगतली" म्हणाला असता. एकोणीस वर्षं मी पोरांना ती नाव, ते नाव, त्या नावा, ती नावे असं घोकवून घेतलं होतं, काना-मात्रा चुकली तर हातावर छडी ओढली होती. आणि 'ज्यांची नावे' मधल्या वे ची मात्रा कागदावर उमटली नाही, तर मला तिथं होडी दिसली! पुढं 'नसतील' लिहिलं होतं, तेही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मी धावत खिडकीवर गेलो. कारकुनानं वही उलटी फिरवून माझ्यासमोर ठेवली. तीस ओळी, तीस नावं. त्याच्याजवळची नक्कल स्वच्छ होती, मात्रा ठसठशीत. "गुरुजी, बारा वाजता आले होते ना तुम्ही? तेव्हा अकरा जागा होत्या. माणसाचं नाव सांगायला किती वेळ लागतो?"

मी हात जोडले. चूक माझी आहे म्हणालो, याचं वावर त्या तलावात गेलं म्हणालो, एकतिसावी ओळ आखा म्हणालो. तो वाईट माणूस नव्हता. बाहेर आला, नाव पाहिली, "चांगली केली हो" म्हणाला आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणून आत गेला.

देवमनभाऊ अजून ट्यूबचं तोंड धरून बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. मात्रेचं, माझ्या वाचण्याचं, अकरा जागांचं. त्यांनी शिव्या द्याव्यात, पंप डोक्यात घालावा, असं मला फार वाटलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे होडी लागतच नव्हती?"

"नव्हती."

"नुसतं देवमन म्हटलं असतं तं झालं असतं?"

"हो."

ते हात टेकून सावकाश उठले. मग म्हणाले, "हवा सोडा, गुरुजी. शेवटची गाडी निघून जाईन."

हवा सोडायला उदयसिंगानं हात लावला. त्याच्या कानावर आमचं सगळं गेलं होतं आणि तो मनातून खजील झाला होता. एसटीच्या थांब्यापर्यंत खुर्ची त्यानं डोक्यावर आणली. तिथं म्हणाला, "भाऊ, मले पोहता येत नाही, होडी तं माह्या बापानं पाह्यली नाही. भावकीतले म्हनले नाव लाव, म्हनून लावलं. तुमी धरा मासे. पास माहा, मेहनत तुमची, मासोया अर्ध्या-अर्ध्या. कोनी पुसलं तं सांगाचं, मी उदयसिंग."

मी म्हणालो, "हे बरोबर नाही. मी अर्ज लिहितो." आणि लिहिले. मे-जूनमध्ये चार अर्ज लिहिले, दोनदा स्वतः तालुक्याला नेऊन दिले. पाचव्याला बसलो तेव्हा देवमनभाऊंनी माझ्या हातातला टाक बाजूला ठेवला. "पुरे झाले, गुरुजी. तिचे हात पाहा."

भागिरथावहिनी दारात बसून हाताच्या भेगांना तेल लावत होत्या. मी मान खाली घातली. देवमनभाऊ पलीकडच्या तांड्यावर जाऊन उदयसिंगाचा पास घेऊन आले.

दिवाळीनंतर पाणी स्थिर झालं तेव्हापासून ते रोज नाव घेऊन जायला लागले. वहिनींचं रोजाला जाणं निम्म्यावर आलं. ओट्यावर आता कोणी दिसत नसे. लोक मला म्हणायचे, "गुरुजी, शेवटी भलंच झालं ना तुमच्या हातून?" मी पाणी प्यायला उठायचो.

डिसेंबरात एका सकाळी मच्छी खात्याचा तपासनीस आला. शाळेत येऊन मलाच बरोबर घेतलं, गावचा माहितगार माणूस म्हणून. आम्ही भिंतीवर उभे राहिलो. देवमनभाऊ काठापासून पंधरा-वीस हातांवर जाळं सोडत होते.

तपासनिसानं हाक मारली, "ओ नाववाले! नाव काय तुमचं?"

देवमनभाऊंनी मान वर केली. मला पाहिलं. शांतपणे म्हणाले, "उदयसिंग."

"बापाचं?"

"गोविंदसिंग."

एकदाही अडखळले नाहीत. भागिरथावहिनी मागं मला म्हणाल्या होत्या, उदयसिंगाचं अन् त्याच्या बापाचं नाव चुलीपुढं बसून मी यांच्याकडून घोटून घेते. तेव्हा मी फार लक्ष दिलं नव्हतं.

तपासनिसानं यादीत बोट फिरवलं, तिसाव्या ओळीवर थांबला. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे वळला. "तुम्ही ओळखता ना, गुरुजी? हेच का उदयसिंग?"

पाण्यावरून देवमनभाऊ माझ्याकडे बघत होते. वल्ही हातात तशीच धरलेली. नाही म्हणालो तर पास जाणार, नाव जप्त होणार, आणि माणूस पुन्हा ओट्यावर.

"हो साहेब," मी म्हणालो. "हेच उदयसिंग."

त्यानं यादीवर खूण केली आणि जीपकडे निघाला. देवमनभाऊंनी वल्ही मारत नाव काठाला आणली. मी खाली उतरलो. त्यांनी खुर्चीखालची टोपली ओढली, त्यातला एक मोठा रोहू काढून माझ्या पिशवीत टाकला.

"बरं झालं, गुरुजी," ते म्हणाले. "या खेपेस तुमी नाव लवकर सांगतलं."